माग काढण्याचे शिक्षण

ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-करांडला, नवेगाव-नागझिरा ही नावे नागपूरच्या घराघरांत सुटीचा बेत आखताना सहज निघतात. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांतले बहुतेक विदर्भातच आहेत. तरीही जंगलातून परतलेल्या माणसाला आपण विचारतो ते एकच : वाघ दिसला का? नाही दिसला तर फेरी फुकट गेली असे धरून चालतो. माझे म्हणणे असे की, जंगलाकडे पाहण्याची ही रीत आपल्या शिक्षणातली मोठी उणीव दाखवते. प्राणी क्वचित दिसतो, पण त्याच्या खुणा पावलोपावली असतात. त्या वाचणे, म्हणजे माग काढणे, ही पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याची शिस्त आहे, आणि ती शाळकरी वयातच शिकवली पाहिजे.

धुळीतला एकच ठसा घ्या. चार बोटे, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही. म्हणजे मार्जारकुळातला प्राणी, कारण कुत्रा, कोल्हा, रानकुत्रा यांची नखे जमिनीत उमटतात आणि मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. अस्वल असते तर पाच बोटे आणि पुढे लांब नखांच्या रेघा दिसल्या असत्या. पुढचा पंजा मागच्यापेक्षा रुंद असतो, तेव्हा ठसा पुढच्या पायाचा की मागच्या, हे ठरवल्याशिवाय आकारावरून काही बोलता येत नाही. चिखलात बोटे फाकतात आणि लहान जनावर मोठे वाटते. वाघाचा बच्चा आणि पूर्ण वाढलेला बिबट यांत तर जाणतासुद्धा फसतो. मग ठशाची कड पाहायची : ती धारदार आहे की वाऱ्याने ढासळली? ठशावरून रात्रीचा किडा चालून गेला असेल, तर जनावर किड्याच्या आधीचे. इतके झाल्यावरही निष्कर्ष कच्चाच. पुढचे दहा ठसे सापडले आणि चाल जुळली, चितळाने किंवा वानराने त्याच दिशेने इशारा दिला, तर तो पक्का होतो. अंदाज बांधायचा, तो कुठे खोटा ठरेल ते शोधायचे आणि खोटा ठरला तर सोडून द्यायचा, हा इथला नियम आहे. दक्षिण आफ्रिकेचे लुई लीबेनबर्ग यांनी १९९० साली कालाहारीतल्या सान लोकांच्या माग काढण्यावर पुस्तक लिहिले आणि विज्ञानाचा उगम याच कौशल्यात असावा असे मांडले. हे मत सगळ्यांना मान्य होईल असे नाही. मला मात्र ते पटते.

पहिला आक्षेप आपल्याच देशाच्या अनुभवातून येतो. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाचा ठसा काचेवरून कागदावर उतरवून वाघ मोजायची पद्धत रुजवली. १९७२च्या देशव्यापी गणनेत याच ठशांच्या आधारे १,८२७ वाघ नोंदले गेले. पुढे २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा आधीच्या गणनांवरचा विश्वास उडाला आणि ती पद्धत मागे पडली. मग ठशांवर भरवसा का ठेवावा? माझ्या मते तिथे ठसा चुकला नाही, दावा ठशाला पेलवेल त्याहून मोठा केला गेला. ठसा जनावराची जात सांगतो, जाण्याची दिशा सांगतो, साधारण वेळ सांगतो. प्रत्येक वाघ त्यावरून खात्रीने वेगळा ओळखता येईल, हे त्यात नव्हते. पुरावा कुठवर बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता कॅमेरे आहेत, मग पायपीट कशाला, असेही विचारले जाते. कॅमेऱ्यात वाघाचे पट्टे टिपले जातात आणि ते प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून मोजणी भरवशाची झाली हे खरेच. पण कॅमेरा कोणत्या वाटेवर बांधायचा, हे ठसे, विष्ठा आणि जमिनीवरची खरवड पाहूनच ठरते. आजच्या राष्ट्रीय गणनेचा पहिला टप्पाही वनरक्षक पायी चालून खुणा नोंदवतात तोच आहे. शिवाय कॅमेरा तेंदूपाने तोडणाऱ्या बाईच्या पुढे चालत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीत माणसे पहाटे जंगलात शिरतात, वाकून काम करतात आणि त्यांतली काही परत येत नाहीत. ताजा माग ओळखता येणे ही त्यांच्यासाठी जिवाची गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : ही विद्या शिकाऱ्याच्याही हाती पडते. पडतेच, आणि त्याला ती आपण न शिकवताही येते. उणीव आहे ती राखणदारांची. गोंड, माडिया, कोरकू, पारधी समाजांतल्या जाणत्यांकडे हे ज्ञान आजही आहे, पण त्यांना आपण वाटाड्या म्हणून दिवसाची मजुरी देतो, शिक्षक म्हणून मान देत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करताना रानातल्या माणसांना विचारून-विचारून शब्द आणि निरीक्षणे गोळा केली, त्यातून त्यांचे कोश उभे राहिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. त्यांना सांगणारी माणसे बहुतेक निनावीच राहिली, आणि याची मला खंत वाटते.

अभयारण्यात परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही आणि फिरूही नये. त्याची गरजही नाही. धंतोलीच्या गल्लीत पावसानंतर कुत्र्याचा आणि मांजराचा ठसा शेजारी-शेजारी सापडतो, अंबाझरीच्या काठच्या चिखलात पक्ष्यांची पावले उमटतात. तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहेच, त्याचे पुस्तक महिन्यातून एक सकाळ बंद ठेवता येईल. इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे : जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा जंगलाकाठच्या गावातला एखादा जाणता माणूस योग्य मानधन देऊन बोलवा, त्याला गुरुजी म्हणा आणि मुलांना त्याच्या मागे चालू द्या.