आकडीची गोळी आणि आपले स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादा गोड विषय घ्यायचा सोडून ही बाई आकडीच्या गोळ्यांचे काय घेऊन बसली, असे कोणाच्या तरी मनात आलेच असेल. पण औषधांच्या दुकानात माझी बरीच वर्षे गेली, आणि ही गोळी मागताना बायका आवाज खाली आणतात, पुडी पदराआड धरतात, हे मी पाहिले आहे. म्हणून आज तिच्याविषयी मोठ्याने बोलायचे ठरवले.

फेनिटॉइन हे तिचे नाव. अपस्मारावर ती चालते हे अमेरिकेत मेरिट व पटनम या डॉक्टरांनी १९३८ साली दाखवले, आणि आजही ती आपल्याकडे अनेक घरांत चालू आहे. तिचा स्वभाव मात्र निराळा. हिचा निचरा करताना यकृत लवकर थकते. मग मात्रेत थोडीशी भर पडली तरी रक्तातले प्रमाण भलतेच चढते. तोल जातो, डोळे भिरभिरतात, झापड येते. कमी पडली तर आकडी. आमटीत मीठ कमीजास्त झाले तर निभावते, येथे निभावत नाही.

म्हणून तिच्या जोडीला पोटात काय जाते ते पाहावे लागते. शंखपुष्पीचेच घ्या. बुद्धीला चांगली म्हणून परीक्षेच्या दिवसांत आपण ती मुलांना देतो, अपस्मारावरही देतात. फेनिटॉइन चालू असताना शंखपुष्पीचे औषध घेणाऱ्या दोन रोग्यांची आवरलेली आकडी पुन्हा सुरू झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांना आढळले. त्यांनी उंदरांवर प्रयोग करून १९९२ साली प्रसिद्ध केले, की दोन्ही काही दिवस बरोबर दिली तर रक्तातले फेनिटॉइन घटते. आयुर्वेदाला नावे ठेवायला मी हे सांगत नाही. आत्ता माझ्या तोंडातसुद्धा ज्येष्ठमध आहे.

मिरे उलट दिशेला ओढतात, फेनिटॉइन वाढवतात. सारातल्या चिमूटभर मिऱ्यांना भिऊ नका. पण त्रिकटूचे चाटण रोज सुरू करायचे तर आधी विचारा. आम्लपित्ताची पातळ औषधे आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन तास दूर ठेवा. दारूचे म्हणाल, तर एका बैठकीत भरपूर झाली की प्रमाण चढते, रोजच्या पिण्याने उतरते, आणि पिणाऱ्याने ती एकदम सोडली तरी आकडी येऊ शकते. हा भाग घरी यजमानांना वाचून दाखवावा.

हरतालिकेच्या निर्जळी उपवासात गोळी राहते आणि वर जागरण होते. आकडीला दोहोंपैकी एकही पुरते. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने व्रत मोडत नाही असे मी म्हणते. शास्त्रीबुवांना काय म्हणायचे ते म्हणोत.

संततिनियमनाच्या गोळ्यांचा जोर फेनिटॉइनमुळे कमी पडतो, नको असताना दिवस राहतात. मूल हवे असेल तर त्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो. पण घाबरून आपल्या मनाने ते बंद करणे फार धोक्याचे.

हे सारे मुलींना ठाऊक नसते असे नाही. त्यांना ते बोलता येत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके लग्नाच्या आड येत होते. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. नवी सून गोळ्या साड्यांच्या घडीखाली ठेवते. सासूबाई मायेने काढा करून देतात, उपास सांगतात, कोणी सुचवलेली पुडी आणतात. ती कशालाच नाही म्हणत नाही, कारण नाही का, हे सांगण्याची सोय नाही.

दर मंगळवारी दुपारी मी मंडळात असते. घरातल्या बाटल्या, पुड्या, चाटणे, सगळे पिशवीत घालून आणा. डॉक्टरांना काय विचारायचे ते कागदावर लिहून देईन. कोणाच्या घरची गोळी, हे मी विचारणार नाही. सासू-सुना दोघी मिळून आल्या तर चहा माझ्याकडून.