आज्ञावलीकाराची चूक आणि आपली लाल शाई

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाची संहिता)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'संगणक आज्ञावलीकाराचा व्यवसाय आणि प्राथमिक शिक्षण' असा विषय छापलेला पाहून आपणांपैकी काहींच्या मुद्रेवर जे स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. ते स्वाभाविकच आहे. आपल्या काही शाळांतील संगणक धूळ बसू नये म्हणून कापडाखाली झाकलेला असतो आणि तपासणीच्या दिवशी तेवढा उघडला जातो, हे मी जाणतो. कारण तपासणीस येणारा मीच असतो. तेव्हा या विषयाचा आपल्या फळ्याखडूशी संबंध काय, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. तो संबंध आहे, आणि वाटतो त्याहून निकटचा आहे, असे माझे मत झाल्यामुळेच मी हा विषय मागून घेतला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात उच्च प्राथमिक वयाच्या मुलांना आज्ञावलीलेखनाचा, म्हणजे ज्यास सर्वत्र 'कोडिंग' म्हणतात त्याचा, परिचय करून द्यावा असे म्हटले आहे. तेव्हापासून पालकही विचारू लागले आहेत. एका गावी एका पालकाने मला गाठून विचारले, "साहेब, पोराला तालुक्याच्या गावी कोडिंगचा क्लास लावू का?" या कामात माणूस नेमके काय करतो, असे मी त्यांस विचारले. ते म्हणाले, "भराभर टाईप करतो आणि लठ्ठ पगार घेतो." पगाराविषयी त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. आपल्याच शाळांत मुळाक्षरे गिरविलेली कितीतरी मुले आज पुण्या-मुंबईच्या आणि परदेशीच्या कार्यालयांतून हे काम करीत आहेत. परंतु टंकलेखनाच्या वेगाविषयीची समजूत मात्र सर्वस्वी चुकीची आहे, आणि ती केवळ त्या पालकांचीच नाही.

संगणकास आज्ञा देणे म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आपण मुलास "पाणी आण" म्हटले तर तो तांब्या घेतो, माठाचे झाकण काढतो, तांब्या भरतो, झाकण परत ठेवतो. यांतील एकही गोष्ट आपण सांगितलेली नसते. यंत्रास यांतील प्रत्येक गोष्ट क्रमाने सांगावी लागते. एवढेच नव्हे, तर माठ रिकामा असेल तर काय करावयाचे, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. न सांगितलेले ते करीत नाही आणि चुकीचे सांगितलेले निमूटपणे करते. अशा आज्ञांच्या क्रमवार लेखास आज्ञावली म्हणतात आणि तो लिहिणारा तो आज्ञावलीकार.

आता एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या जनरल रजिस्टराचेच घेऊ. समजा, एक हजार मुलांची नावे अकारविल्हे लिहिलेली आहेत आणि त्यांत एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्या पानापासून एकेक नाव वाचीत गेल्यास हजार नोंदी पाहाव्या लागतील. त्याऐवजी मधोमध उघडावे. हवे असलेले नाव त्याच्या आधी येत असेल तर पुढचा निम्मा भाग सोडून द्यावा, उरलेल्याचा पुन्हा मध्य काढावा. याप्रमाणे निम्मे निम्मे करीत गेल्यास जास्तीत जास्त दहा नोंदी पाहून काम होते. दहा लाख नावे असली तरी वीस पुरतात. शब्दकोश पाहताना आपण सारे थोड्याफार फरकाने हेच करतो. चौथीच्या मुलास समजेल इतकी ही रीत सोपी आहे.

जॉन बेंटली नावाचे एक अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आहेत. 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' हे त्यांचे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी त्यात सांगितले आहे की, व्यावसायिक आज्ञावलीकारांच्या वर्गांत त्यांनी हीच रीत लिहावयास दिली आणि त्यासाठी दोन-दोन तास दिले. रीत साऱ्यांना ठाऊक होती. तरीही तपासून पाहता बहुतेकांच्या लेखनात चूक निघाली. कोणाची आज्ञावली यादीत नसलेले नाव शोधताना अडते, कोणाची यादीत एकच नाव असता चुकते, कोणाची शेवटचे नाव वगळते, अशा प्रकारच्या या चुका असतात. रीत समजणे आणि ती सर्व प्रसंगी बिनचूक चालेल अशी लिहिणे, यांत केवढे अंतर आहे!

ही कथा येथेच संपत नाही. खुद्द बेंटली यांच्या पुस्तकात दिलेल्या, काळजीपूर्वक सिद्ध करून दाखविलेल्या आज्ञावलीतही एक चूक दडलेली होती. त्यांच्या व्याख्यानास विद्यार्थी म्हणून बसलेले जोशुआ ब्लॉक पुढे मोठे आज्ञावलीकार झाले आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या 'जावा' या संगणकभाषेच्या ग्रंथालयासाठी त्यांनी हीच रीत लिहिली. तीत तीच चूक सुमारे नऊ वर्षे निवांत पडून होती. मध्य काढण्यासाठी पहिला आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून ती निम्मी करावयाची, हे आपणही करू. परंतु तेथे संगणक पूर्ण संख्या ठरावीक घरांत मांडतो आणि त्या घरांत २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापलीकडे गेली की उत्तर एकदम ऋण होते. यादी शंभर कोटींहूनही मोठी होईपर्यंत हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते, आणि पूर्वी एवढ्या याद्या कोणापाशी होत्या? उपाय दोन शब्दांचा आहे: दोहोंतील फरक निम्मा करून तो पहिल्या क्रमांकात मिळवावा.

मला या हकिगतीत विशेष वाटते ते पुढेच. २००६ साली ब्लॉक यांनी स्वतः लेख लिहून ही चूक जाहीर केली. माझ्या आज्ञावलीत ती होती आणि माझ्या गुरूंच्याही होती, असे उघड सांगितले, आणि इतरांनी आपापले लेखन तपासून पाहावे असे सुचविले. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा यत्किंचितही उणावली नाही. त्या व्यवसायात चूक निघणे गृहीतच धरलेले असते. ती शोधावयाची कशी आणि सापडल्यावर करावयाचे काय, यावरून माणसाची पारख होते.

त्यांच्या साऱ्या सवयी यातूनच घडलेल्या दिसतात. चांगला आज्ञावलीकार आपले काम नेहमीच्या उदाहरणावर पडताळून थांबत नाही. यादी रिकामी असेल तर, एकच नाव असेल तर, तेच नाव दोनदा आले तर, असे आडवेतिडवे प्रश्न तो स्वतःलाच विचारतो. आपले लेखन तो सहकाऱ्यास वाचावयास देतो आणि त्याचे शेरे मुकाट्याने ऐकून घेतो. लिहिण्यापेक्षा त्याचा अधिक वेळ वाचण्यात जातो; म्हणून तो पुढे वाचणाऱ्यास समजेल अशी नावे वस्तूंना देतो. एक गमतीची चाल अशी की, चूक सापडेनाशी झाली म्हणजे काहीजण टेबलावर रबराचे खेळण्यातले बदक ठेवतात आणि आपली आज्ञावली ओळीओळीने त्यास मोठ्याने समजावून सांगतात. सांगता सांगता चूक आपोआप ध्यानात येते. आपण डी.एड.च्या वर्षात एखादा पाठ भिंतीला शिकवून पाहिला असेल, तर यातील तथ्य आपणांस निराळे सांगावयास नको.

यंत्रातील दोषास इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत जुनीच होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या अवाढव्य संगणकात खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो फेकून न देता चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटविला आणि खाली लिहून ठेवले की, हा प्रत्यक्ष सापडलेला किडा. ती वही अमेरिकेतील राष्ट्रीय संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

डोनाल्ड क्नूथ यांची वही मला याहूनही मोलाची वाटते. हे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून त्यांचे मन खट्टू झाले. गणिताची अक्षरजुळणी त्यांना कुरूप वाटली. तेव्हा पुस्तके सुबक जुळविणारी 'टेक' नावाची आज्ञावली त्यांनी स्वतःच लिहावयास घेतली. ती लिहीत असता सापडलेली प्रत्येक चूक आणि केलेला प्रत्येक फेरबदल ते वहीत टिपून ठेवीत गेले. दहा वर्षांत अशा साडेआठशेहून अधिक नोंदी झाल्या. १९८९ साली त्यांनी ती यादी जशीच्या तशी छापून प्रसिद्ध केली. एवढेच नव्हे, तर नोंदींचे पंधरा प्रकार पाडले. कोणती चूक केवळ अक्षराची, कोणती काही विसरल्यामुळे झालेली, कोणती दोन भागांचा मेळ न बसल्याने, कोणती कधी मनातही न आलेली परिस्थिती उद्भवल्याने. आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत असत, आणि पुष्कळांनी तो न वटविता चौकटीत बसवून भिंतीवर लावला. आपण आपल्या सेवाकाळात कधी अशी स्वतःच्या चुकांची वही ठेवली आहे काय? मी तरी ठेवली नव्हती.

या काळजीची किंमत काय, याचा हिशेब एकाच प्रसंगावरून होईल. ४ जून १९९६ रोजी युरोपातील राष्ट्रांचे 'आरियान ५' हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच फुटून गेले. त्याबरोबर चार उपग्रह नष्ट झाले. आधीच्या 'आरियान ४' मधील आज्ञावलीचा एक भाग तसाच उचलून घेतलेला होता. त्यात एक आकडा ३२,७६७ पर्यंतच मावेल अशा घरात ठेवावयाचा होता. जुन्या बाणास तेवढे घर पुरत होते. नव्याचा वेग अधिक, तेव्हा आकडा घरात मावला नाही. एक संगणक बंद पडल्यास दुसरा असावा म्हणून राखीव संगणकाची सोय होती, परंतु त्यातही हीच आज्ञावली असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेतलेले गणित पडताळ्यास उपयोगी पडत नाही, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

आता आपल्या वर्गाकडे वळतो.

मी शिक्षक असताना माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडणीस जाणारे. ती दिवाळीपर्यंत शाळेत असे आणि पुढे केव्हा येईल याचा नेम नसे. एका चाचणीत तिची वजाबाकीची दहापैकी सात गणिते चुकली. ५२ मधून १७ वजा केले, उत्तर ४५. ८३ मधून ४६, उत्तर ४३. ६० मधून २४, उत्तर ४४. मी सातही गणितांवर लाल शाईने फुल्या मारल्या आणि खाली शेरा लिहिला, 'लक्ष नाही'. तिने वही मिटली. काही विचारले नाही. त्या हंगामात ती गेली ती पुन्हा आमच्या शाळेत आली नाही.

पुष्कळ वर्षांनी विस्तार अधिकारी झाल्यावर माझ्या वाचनात जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघा अमेरिकन संशोधकांच्या १९७८ सालच्या कामाची माहिती आली. त्यांनी मुलांच्या वजाबाकीतील चुकांकडे आज्ञावलीकाराच्या दृष्टीने पाहिले. मुलाच्या मनात वजाबाकीची एक आज्ञावली आहे. ती तो इमानेइतबारे पाळतो. परंतु तिच्यात कोठेतरी एक किडा आहे. तो किडा कोणता हे कळले की ते मूल पुढचे गणित कसे चुकेल, हेही पुष्कळदा आधीच सांगता येते. यातील एक नेहमी आढळणारा किडा असा: प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करावयाचा, मग तो वर असो की खाली. ते वाचताच माझ्या डोळ्यांपुढे ती वही उभी राहिली. ५२ वजा १७ : सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. सातही उत्तरे या एकाच नियमाने आलेली होती. बरोबर आलेली तीन गणिते बिनहातच्याची होती. मुलीचे लक्ष पूर्ण होते. ज्याचे नव्हते, तो लाल शाई हाती घेऊन बसला होता. दशक सुटा करून दाखवावयास दहा मिनिटे आणि काड्यांचा एक गठ्ठा पुरला असता.

म्हणून कोडिंगविषयी पालकांनी विचारल्यास काय सांगावे, असे जे आपण मला विचारता, त्याविषयी मी इतकेच म्हणेन की, संगणक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जनरल रजिस्टरातील नाव दहा प्रयत्नांत शोधण्याचा खेळ फळ्यावर उद्याही घेता येईल. 'एक ते हजारांतील संख्या मनात धर, मी दहा प्रश्नांत ओळखतो' हा खेळ मुले तास संपला तरी सोडीत नाहीत, असा माझा अनुभव आहे. चहा करण्याची कृती एकाने लिहावी आणि दुसऱ्याने शब्दशः तेवढीच करून दाखवावी; पातेले चुलीवर ठेवावयाचे राहून गेले, की वर्गात हशा पिकतो आणि लिहिणारा आपण होऊन कागद परत मागतो. तो कागद परत मागतो, या क्षणाकडे आपले लक्ष असावे.

याशिवाय एक विनंती आहे. तिला परिपत्रकाचे स्वरूप देण्याचे मी मुद्दाम टाळले आहे. पुढील महिन्याच्या परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील एका मुलाची, जो गणितात 'कच्चा' म्हणून नोंदलेला आहे त्याची, चुकलेली गणिते उतरवून आणावीत. दुरुस्त करून आणू नयेत. मुलाने ती कोणत्या नियमाने सोडविली असावीत, याचा आपला तर्क शेजारी पेन्सिलीने लिहावा आणि शक्य झाल्यास तो तर्क त्या मुलाला विचारून पडताळून पाहावा. दुपारच्या सत्रात आपण त्या वह्या आपसांत बदलून वाचू. माझ्याही चुकांची एक वही मी आता ठेवली आहे. तीही त्या दिवशी टेबलावर असेल.