गोठ्यातली धूळ

मागे एका काकांनी मला विचारले, "पाड्यावरची मुले मातीत वाढतात, त्यांना कसली ॲलर्जी?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

अमेरिकेतील आमिश आणि हटराइट, दोन्ही ख्रिस्ती शेतकरी समाज, पूर्वज युरोपातले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांमध्ये दमा हटराइट मुलांच्या चौथाईच आढळला. आमिश मुले तान्हेपणापासून घरालगतच्या गोठ्यात वावरतात. हटराइटांची यंत्रशेती घरापासून दूर. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंचे अंश जवळपास सातपट होते. अंगच्या प्रतिकारशक्तीला ही लहानपणची ओळख उपयोगी पडते, असे दिसते.

पण काका, गोठ्याची धूळ वेगळी, नाल्याचे पाणी वेगळे. जुलाबाने सुकलेले बाळ मी मांडीवर घेतले आहे. शेळ्या अंगणात राहू द्या. विहिरीला कठडा मात्र पावसाळ्याआधी हवा.