खांदेरीचे दीपगृह कोण राखत होते?

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या खांदेरी बेटावरचे दीपगृह 1867 सालचे. 1679 मध्ये शिवरायांनी त्या बेटावर किल्ला उभारायला घेतला. तेव्हा झालेल्या लढ्यातील मायनाक भंडारी इतिहासाला ठाऊक आहेत, दीपगृहाला आता कान्होजी आंग्रे यांचे नावही आहे. पण तिथे रात्र रात्र जागून दिवा राखणारे कोण होते?

सरकारी दप्तरात बदलीचे हुकूम, निवृत्तिवेतनाचे कागद सापडू शकतात. माणूस मात्र सापडतो तो म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. त्यांना नुसते नाव विचारू नका, ते चटकन आठवत नाही. बेटावर पाणी, शिधा कोणाच्या होडीतून जाई? बेटावरच्या वेताळाच्या दर्शनाला गेल्यावर दीपगृहावर कोण भेटे? असे विचारले की आडनाव निघते, गाव निघते. साल ठरवायला 1971 चे युद्ध किंवा एखादे मोठे वादळ धरावे. एकाच्या आठवणीवर विसंबू नये, दुसऱ्याकडून पडताळावे. सांगणाऱ्याचे नावही टिपावे.

दीपगृहे आता बरीचशी आपोआप चालतात, त्यामुळे नवे राखणदार फारसे येणार नाहीत. थळ, वरसोली, अलिबागकडच्या मंडळींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यातच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.