एका जुवाखालीं दोन बॅटऱ्या

पावसाळ्याची रात्र आहे. कसारा घाटाच्या पायथ्याशीं एक मालमोटार चहापाण्यासाठीं थांबली आहे. चालक परत येऊन किल्ली फिरवितो; पण इंजिन गुरगुरत नाहीं. नुसता ‘टक्’ असा आवाज होतो आणि सारें शांत! मागें कित्येक टन माल आणि तो सकाळीं मुंबईस पोंचवावयाचा. नवल हें कीं, दिवसभर समोरच्या मापकाचा कांटा यथास्थित २८ व्होल्ट दाखवीत होता. मग घात कोणीं केला? त्याचा आज आपण शोध घेऊं.

घरच्या मोटारीस १२ व्होल्टांची एक बॅटरी पुरते. मालमोटारीच्या डीझेल इंजिनाचें तसें नव्हे. त्यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबावी लागते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. असें इंजिन प्रथम फिरविण्यास शक्ति फार लागते. समजा, ५ किलोवॅट लागले. १२ व्होल्टांनीं ते द्यावयाचे तर ४०० हून अधिक अँपिअरांचा प्रवाह हवा. २४ व्होल्टांनीं त्याच्या निम्मा पुरतो. शिवाय प्रवाह निम्मा झाला कीं, त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति चौथाईवर येते. म्हणून आपल्याकडील जड मालमोटारींत १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीमागें एक जोडून २४ व्होल्ट मिळवितात. अमेरिकेंतील कित्येक जुन्या मालमोटारींत निराळी युक्ति होती. तेथें सर्व व्यवहार १२ व्होल्टांवर चाले. केवळ इंजिन सुरू करतांना एक खटका दोन्ही बॅटऱ्या एकीमागें एक जोडून २४ व्होल्ट देई.

इंजिन चालू झालें कीं पट्ट्यानें फिरणारा आल्टरनेटर वीज देऊं लागतो. डायोड तिचा उलटसुलट प्रवाह एका दिशेचा करितात आणि नियामक तिचा दाब सुमारे २८ व्होल्टांवर राखतो; म्हणजे प्रत्येक बॅटरीच्या वांट्यास १४. पण नियामक केवळ बेरीज पाहतो, वांटणी पाहत नाहीं.

घोटाळा होतो तो येथेंच. चालकास रेडिओ हवा, पंखा हवा. आणि हीं साधनें बहुधा १२ व्होल्टांचीं. कोणी तरी सुचवितो, ‘दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून तार काढा कीं झालें!’ रेडिओ वाजूं लागतो, सर्वजण खूष.

एका जुवाखालच्या बैलजोडीची कल्पना करा. त्यांतील एकासच रोज मोटेचें जादा काम दिलें आणि वैरण मात्र दोघांस सारखी घातली, तर काय होईल? एक खंगेल, दुसऱ्यास अजीर्ण होईल. येथें तेंच घडतें. दोन्ही बॅटऱ्यांतून भरणीचा एकच प्रवाह जातो. जिच्यावर रेडिओचा भार, ती कधींच पुरती भरत नाहीं. तिच्या शिशाच्या पत्र्यांवर गंधकयुक्त क्षाराचा कठीण थर बसतो. दुसरी आधींच भरलेली; तिच्या वांट्यास १४ ऐवजीं १५ व्होल्ट येऊं लागतात. तिच्यांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. ठिणगी पडली तर हें मिश्रण स्फोट करितें! आणि कांटा? १३ आणि १५ मिळून २८ च होतात. तो बिचारा खोटें बोलत नाहीं, पण सगळें खरेंही सांगत नाहीं.

आतां त्या रात्रीच्या ‘टक्’चा अर्थ उलगडेल. इंजिन फिरविणारा सारा प्रवाह दुबळ्या बॅटरींतूनच जावयाचा. तेव्हां सशक्त बॅटरी शेजारीं असूनही मदत करूं शकत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकून २४ चे १२ व्होल्ट करणारें परिवर्तक यंत्र बसवावें. दोहोंचा दाब अधूनमधून वेगवेगळा मोजावा. आणि बदलावयाच्या झाल्यास, दोन्ही एकाच वेळीं, एकाच जातीच्या व क्षमतेच्या घ्याव्या. जोडीनें राबणाऱ्यांस भार आणि वैरण सारखीच लागते, हें आपल्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागलें नाहीं. मालमोटारीच्या मालकानेंही तें विसरूं नये.