हिऱ्याचे चाक आणि आपला काळा पाषाण



युसूफ वडगावात हिऱ्यांवर बोलावयाचे म्हटल्यावर कोणास हसू येईल. परंतु आपल्या शिवारातील बोअरला पाणी लागते, त्यात हिऱ्याचाही वाटा आहे. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर घेण्याचे प्रमाण फार वाढले. काळा पाषाण फोडणाऱ्या बिटाच्या तोंडावर टंग्स्टन कार्बाइडची बटणे असतात. ती झिजून सपाट झाली की दगड फुटत नाही, नुसता घासला जातो. सपाटी बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांशापर्यंत आली की पुन्हा गोलाई दिली पाहिजे, आणि इतका कठीण पदार्थ घासावयास हिराच हवा. हा हिरा दागिन्यातला नव्हे. 1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. आता त्याचेच कण चाकांत आणि बटणावर बसणाऱ्या वाट्यांत असतात.

हे चाक घासेनासे झाले की कारागीर काय करतो? अधिक जोर देतो. आम्हीही प्रथम तेच केले आणि एक चांगले बटण तडकवले. आपल्या आयाबहिणींना यातले मर्म पूर्वीच ठाऊक होते. जाते गुळगुळीत झाले की कितीही जोराने ओढा, भरडच पडते; टाकीच लावावी लागते. चाकातले हिरे शाबूत असतात, पण भोवतालच्या धातूत भुकटी दाटून ते झाकले जातात. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कांडी ओली करून फिरत्या चाकावर धरली की ती धातू किंचित खाते आणि हिरे डोके वर काढतात. चाक चकाकू लागले म्हणजे ते बोथटले, असे समजावे.

पाण्याची धार अखंड हवी. लोहाराच्या सवयीने तापल्यावर मधूनच शिंतोडा मारला तर बटणास तडा जातो. असले बटण बोअरमध्ये निसटले, तर उरलेली त्यावर आपटून फुटतात, आणि ज्याचे शेत तो काठावर बसून पाहत राहतो. कोरडे घासणे तर त्याहून वाईट. त्या धुळीत कोबाल्ट असतो; तो कामगाराच्या फुप्फुसात जाऊन दम्यासारखे विकार जडतात. बिटाचे पोलादही या चाकावर घासू नये. तापलेले लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेते.

बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्यांनी व्याख्यानानंतर थोडे थांबावे. आम्ही वाटी आणि कांडी बरोबर आणली आहे.