पाणी पी म्हणता, मग जायचं कुठं?

(वस्तीतल्या विहारात मे महिन्यात एका रात्री केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. मधल्या शिव्या संपादकांनी काढल्यात, सगळ्या नाहीत.)

आयाबायांनो, बापहो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांनो,

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. दोन्हींनी पाठ दुखते. मी डॉक्टर नाही, हवामान खात्यातला साहेबही नाही. तरी उभा राहिलोय, कारण मागल्या आठवड्यात गल्लीत एक रंगीत कागद वाटला गेला. उन्हात म्हाताऱ्या माणसांनी काय करावं, असा. तो मी आजीला वाचून दाखवला नि आजी हसली. त्या हसण्यावर मला बोलायचंय.

कागद म्हणतो, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. आजी म्हणाली, "घरात थांबू? आरं, घर हाय का भट्टी?" दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. सूर्य असेस्तोवर पत्रा आग ओततो. सूर्य गेला की पत्रा निवतो, पण तोवर भिंतींनी नि लादीनं दिवसभराचं ऊन पिऊन ठेवलेलं असतं, ते त्या रात्रभर सोडत बसतात. समोरच्या टॉवरच्या एसीची खोकी आमच्या गल्लीकडं तोंड करून गरम वाफ फेकतात, ती वेगळीच. कागद लिहिणाऱ्याचं घर म्हणजे थंड जागा. आमची आजी थंडाव्याला घराबाहेर जाते. पुलाखाली बसते, विहाराच्या पायरीवर बसते. तिला घरात राहा सांगणं म्हणजे चुलीतल्या लाकडाला सांगणं, बाबा चुलीतच राहा, बाहेर ऊन आहे.

दुसरं वाक्य, भरपूर पाणी प्या. ह्यावर आजी हसली नाही. गप्प झाली. मग म्हणाली, "पाणी पिऊन जायचं कुठं?"

दोस्तांनो, हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला. तिथं रांग. तीन पायऱ्या, कठडा नाही, रात्री दिवा नाही. गुडघे गेलेली म्हातारी दिवसातून दोनदा जाऊ शकते, चारदा नाही. म्हणून ती पाणीच मोजून पिते. सकाळी अर्धा तांब्या, दुपारी चहा, रात्री काही नाही. गल्लीत विचारत फिरलो तर पाचातल्या चार म्हाताऱ्या हेच करतात. कोणी कोणाला सांगत नाही, लाज वाटते. आमची आजी तर ७२ च्या दुष्काळात खडी फोडून मुंबईला आलेली. त्याआधी गावात विहिरीच्या कडेला उभं राहून, कोणी वरून ओतेल तेवढ्यावर वाढलेली. पाण्यावाचून दिवस काढायची विद्या तिला लहानपणीच शिकवली गेलीय. त्या विद्येनंच ती मरेल, असं मला आता भ्या वाटतं.

कारण म्हातारं अंग फसवतं. वय झालं की तहान उशिरा लागते. अंगातलं पाणी आटलेलं असतं, पण जीभ बोंब मारत नाही. घाम कमी सुटतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला हृदयाला कातडीकडं जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि ते हृदय साठ-सत्तर वर्षं राबलेलं. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचा ठोका आवरून धरतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरला विचारा की उन्हाळ्यात ह्या गोळीचं काय करू. विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या टोळीत एक काका होते. कागदावर अठ्ठावन्न, खरं वय पासष्टाच्या पुढं. कंत्राटदाराला म्हातारा चालत नाही, म्हणून वय खोटं. पेन्शन नाही, म्हणून काम खरं. कंटेनर बंद करून उन्हात ठेवला की आत काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पितळी डब्यात उकडलेल्या बटाट्याला विचारा. काका शहाणे होते. ओला पंचा मानेवर, खिशात गूळ, पहाटेची पाळी मागून घ्यायचे. गेल्या एप्रिलात पाळी बदलून मिळाली नाही. दुपारी दोनच्या सुमाराला ते बरळायला लागले. आम्हाला वाटलं थट्टा करतायत. आम्ही हसलो. साला, आम्ही हसलो. अंग हाताला चटका बसेल असं तापलेलं. दवाखान्यात कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून.

हृदय सगळ्यांचंच बंद पडतं मरताना. ते का बंद पडलं?

म्हणून ऊन किती माणसं मारतं ते नुसते दाखले वाचून कळत नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ ला गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्याची सगळी मरणं नेहमीच्या मे महिन्याच्या मरणांशी ताडून पाहिली, तर १,३४४ माणसं जास्तीची मेलेली निघाली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उन्हाचा आराखडा केला, आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया. म्हणजे मोजलं, तेव्हा हललं.

आणि आमच्याकडं? समुद्रकाठच्या गावात पारा ३७ च्या वर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मुंबईत बहुतेक दिवस ३४, ३५. लाट नाही, काही नाही. पण हवेत ओल एवढी की घाम येतो नि वाळतच नाही. घाम वाळला तर अंग निवतं, नुसता गळला तर नाही. शिवाय तो पारा ठेवतात कुठं? मोकळ्या मैदानात, लाकडी पेटीत, सावलीत, चहूबाजूंनी झरोके, आणि पेटीला बाहेरून पांढरा रंग. म्हंजे पाऱ्याला पांढरी हवेशीर खोली नि माझ्या आजीला पत्रा!

१९९५ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागोत असाच उन्हाचा घाला आला. सातशेच्या वर माणसं गेली, त्यांत एकटी राहणारी म्हातारी फार. एरिक क्लिननबर्ग नावाच्या माणसानं त्यावर पुस्तक लिहिलंय. दोन वस्त्या, एकमेकींना लागून, दोन्ही गरीब. एकीत मरणाचं प्रमाण दुसरीच्या दहापट. का? जिथं माणसं वाचली तिथं रस्ता जागता होता. दुकानं, गर्दी, फेरीवाले, ओळखीपाळखी. म्हातारं माणूस खाली उतरून थंड दुकानात जाऊन बसायचं. दुसरी काळ्या लोकांची वस्ती. तिथले कारखाने गेले, दुकानं गेली, रस्ते ओस पडले. म्हातारी भीतीनं दारं-खिडक्या लावून बसली आणि आतल्या आत शिजली. आपली गल्ली अजून जागती आहे. बिल्डर आला की दहाव्या मजल्यावर बंद दारामागं म्हातारं बसवलं जाईल, लिफ्ट बंद असेल, तेव्हा ही शिकागोची गोष्ट आठवा.

आता तुम्ही म्हणाल, आमची म्हातारी माणसं जुळवून घेतातच की. घेतात! ओलं बारदान पत्र्यावर, ओली गोधडी दारात, मडक्याला फडकं, ताक, पन्हं, पहाटे चारला उठून सैपाक. ही अक्कल मोठी आहे, मी तिला हसत नाही. पण "जुळवून घ्या" हे आम्हाला सांगायची ह्या देशाला जुनी सवय आहे. आणि अंगाला हद्द असते. २०२४ हे साल मोजमाप सुरू झाल्यापासूनचं जगातलं सगळ्यांत गरम साल ठरलं. हवा तापवली कोणी? माझ्या आजीच्या नावावर एक पंखा नि एक बल्ब.

स्वित्झर्लंडमधल्या म्हाताऱ्या बायका, चौसष्टच्या पुढच्या, दोन हजारांवर, सरकारवर खटला घालून बसल्या. म्हणाल्या, उन्हात आमच्या वयाच्या बायका मरतात आणि तुम्ही पुरेसं करत नाही. ९ एप्रिल २०२४ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात त्यांची संघटना जिंकली. आपल्याही सुप्रीम कोर्टानं त्याच साली म्हटलंय, की हवामानबदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त असणं हा माणसाचा हक्क आहे. म्हटलं कुठं, तर माळढोक पक्ष्याच्या खटल्यात. पक्ष्याच्या निमित्तानं का होईना, हक्क सापडला. आता तो पायरी चढून संडासापर्यंत आणायचाय. निराधार म्हाताऱ्याला केंद्राचे २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५००, राज्याचं धरून दीड हजार. त्यात विजेचं बिल भरायचं की गोळ्या घ्यायच्या?

बोलणं पुरे झालं. मागणीचा अर्ज तयार आहे. संडासाला कठडा, दिवा, म्हाताऱ्यांसाठी बसायचं भांडं असलेली दोन खास दारं. अंगठे आणि सह्या इथंच करा.

पोरांनो, तुमच्यासाठी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केलीय, एकवीस नावं. प्रत्येकानं दोन घरं वाटून घ्या, दुपारी एकदा नि रात्री एकदा दार वाजवायचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. साखरेचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारून. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, तर हसायचं नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. विहाराचं दार उद्यापासून दुपारी उघडं राहील, पंखे चालू, माठ भरलेला. किल्ली माझ्याकडं आणि चहावाल्या मावशीकडं.

आणि पत्रे. चुन्यात फेविकॉल कालवून पांढरे करायचे. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, पाऊस धुऊन नेतो, म्हणून दरसाल करावं लागतं. चुन्याची सहा पोती आणलीत, ब्रश तीनच आहेत, ज्याच्याकडं असेल त्यानं आणावा. रविवारी पहाटे पाचला, ऊन व्हायच्या आत. सुरुवात टोकाच्या खोलीपासून, काकांची बायको एकटी राहते तिथून.